करंझाळ्यातला २००३ सालचा फ्लॅट घ्यावा का? कागद, सळई आणि पावसाळा

डिचोलीकर :

नमस्कार. गोव्यात पणजीजवळ करंझाळ्यात एक २ बीएचके रीसेलला निघालाय. खाली स्टिल्ट पार्किंग, वर चार मजले, फ्लॅट तिसऱ्यावर, लिफ्ट नाही. ऑक्युपन्सी (वापराचा दाखला) २००३ ची. किनारा चालत पाच मिनिटांवर. एजंट ९८ चौ.मी. सांगतो, ते सुपर बिल्टअप. पश्चिमेची बाल्कनी ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून बंद केलीय. तिथून दोन इमारतींच्या फटीतून समुद्र दिसतो आणि त्या 'सी-व्ह्यू'चे पैसे वेगळे धरलेत.

फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते वारले. मागे आई, मुलगा आणि मुलगी. मुलगा विकतोय. मुलगी लग्न होऊन पोर्तुगालला, पासपोर्टही तिथलाच. जिन्याच्या बीमला आणि पार्किंगच्या दोन खांबांना भेगा आहेत, एका खांबावर ताजं प्लास्टर दिसतं. राहण्यासाठीच हवाय, पण पहिली दोन वर्षं भाड्यानं द्यावा लागेल. एजंटचं पालुपद एकच : पेपर एकदम क्लियर. टोकन देण्याआधी काय काय बघू?

तिसवाडी_उतारा :

वडील वारलेत आणि सक्सेशन डीड (वारस कोण ते ठरवणारं खत) कुणी दाखवलेलं नाही, मग पेपर क्लियर कसे? आधी तेच मागा, बाकीचं नंतर.

गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. हे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलंय. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसीडिंग कायद्यात आहे. म्हणजे खरेदीखतावर एकट्या वडिलांचं नाव असलं तरी अर्धा फ्लॅट पहिल्यापासून आईचा. वडिलांच्या अर्ध्यातून मुलगा पाव, मुलगी पाव. आणि वारशानं आलेलं तेही सामाईक, म्हणून सून आणि जावई या दोघांच्याही सह्या लागणार. तुमच्या खरेदीखतावर विकणाऱ्यांच्या बाजूला पाच नावं हवीत : आई, मुलगा, सून, मुलगी, जावई. यातलं एक जरी गळलं तरी व्यवहार लंगडा. बँकेचा वकील पुढे तिथंच बोट ठेवील.

'वडिलांनी विल करून सगळं मुलाला दिलंय' असं सांगितलं तर गडबडू नका. मुलांचा सक्तीचा हिस्सा विलनं काढून घेता येत नाही. माणसाला स्वतःच्या वाट्यातलं अर्धंच मोकळेपणानं देता येतं. वडिलांचा वाटा अर्धा फ्लॅट, त्यातलं अर्धं म्हणजे पाव फ्लॅट. उरलेला पाव दोन मुलांत समान. म्हणजे विल असलं तरी मुलीचा आठवा हिस्सा राहतोच.

सगळे राजी असतील तर स्पेशल नोटरीसमोर सक्सेशन डीड होतं. जुनी माणसं त्याला हॅबिलिटेशन म्हणतात. मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, मुलांच्या जन्मनोंदी एवढं लागतं. भांडण असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटपाचं प्रकरण, आणि मग थांबायची तयारी ठेवा. मुलगी 'मला काही नको, भावाला देते' म्हणाली तरी हक्कसोड एका विशिष्ट माणसाच्या नावे करता येत नाही, ती उरलेल्या वारसांच्या पदरात जाते. इथं उरलेला मुलगा एकटाच असल्यानं फरक पडणार नाही, पण भावंडं जास्त असली की नेमका इथं घोळ होतो.

आता फ्लॅटचे कागद. वडिलांकडे नोंदलेलं खरेदीखत आहे की नुसतं बिल्डरबरोबरचं अग्रीमेंट? त्या काळात ताबा आणि ऑक्युपन्सी मिळाली की लोक स्वस्थ बसत, खरेदीखत राहून जाई. तसं असेल तर बिल्डर आणि जमिनीचा मूळ मालक, किंवा त्यांचे वारस, पुन्हा सहीला बसवावे लागतात. इकडच्या पद्धतीत फ्लॅटच्या खरेदीखतात जमिनीतला अविभक्त हिस्सा चौरस मीटरमध्ये लिहिलेला असतो. तो आहे का ते बघा.

जमिनीकडे वळा. करंझाळ्याचा काही भाग पणजी महानगरपालिकेत, काही ताळगाव पंचायतीत. सिटी सर्व्हेत असेल तर पी.टी. शीट नंबर, चलता नंबर आणि फॉर्म डी (मालमत्तेचा उतारा). गावच्या सर्व्हेत असेल तर सर्व्हे नंबर, सबडिव्हिजन आणि एक-चौदाचा उतारा (फॉर्म १ आणि १४, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा). एक-चौदात मालकाच्या नावाखाली थांबू नका. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) नोंद तिथंच सापडते. कोमुनिदादीची (जुन्या गावसंस्थेची) जमीन असेल तर ती मालकीनं दिली होती की आफोरामेंतवर (कायम भाडेपट्ट्यावर), हेही मूळ कागदात बघा.

त्यानंतर जमीन रूपांतराची सनद, पीडीएची (नियोजन व विकास प्राधिकरणाची) विकास परवानगी, बांधकाम परवाना, कम्प्लीशन, ऑक्युपन्सी. ऑक्युपन्सीत तुमच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेला हवा, आणि मंजूर नकाशात ती बाल्कनी उघडी आहे की बंद ते ताडून बघा. उपनिबंधकाकडून ३० वर्षांचं निल एन्कम्ब्रन्स (बोजा नसल्याचा दाखला) काढा. २०२२ मध्ये बनावट कागदांच्या जमीन-हडप प्रकरणांसाठी सरकारला एसआयटी नेमावी लागली. त्यानंतर तरी झेरॉक्सवर विश्वास नको. नोंदणी क्रमांक घ्या आणि प्रमाणित प्रत स्वतः काढा.

खर्चाचं एक. महाराष्ट्राचा हिशेब डोक्यात धरून इकडे येणारे नोंदणी शुल्काला फसतात. तिकडे कमाल मर्यादा ३०,००० रुपये. इकडे ते टक्क्यांतच, वर तशी मर्यादा नाही. मुद्रांक शुल्काचे टप्पे वेगळे, किंमत चढली की दर चढतो. त्या दिवशीचा दर उपनिबंधकाकडे विचारून मगच किंमत ठरवा.

सळई_आणि_चुना :

मी कागदांत शिरत नाही. ते ताजं प्लास्टर मला खुपतंय.

समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं आणि सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. वरून प्लास्टर मारलं तर मीठ आतच राहतं, नव्या-जुन्या जागेच्या सीमेवर गंज आणखी जोरात धरतो आणि एक-दोन पावसाळ्यांत शेजारीच नवी भेग येते. खाऱ्या बोअरच्या पाण्यात मिसळलेलं काँक्रीट किंवा नीट न धुतलेली खाडीची रेती असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच आहे, त्याला बाहेरचा रंग काय करणार!

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती २००० सालची. समुद्रकाठच्या हवेत उघड्या काँक्रीटला ती किमान एम ३० ग्रेड (ताकदीची प्रत) आणि ४५ मि.मी. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सांगते. इमारत २००३ ची, म्हणजे हे लागू होतं. प्रत्यक्षात जुन्या चारमजली कामांत एम २० आणि २०-२५ मि.मी. कव्हर सर्रास सापडतं. कव्हर अर्धं झालं की मीठ निम्म्याहून बऱ्याच कमी वर्षांत सळईला भिडतं.

भेग वाचता येते. सळईला समांतर, सरळ, कडेला तांबूस डाग : गंज. खांबाच्या तळाशी फूट-दीड फुटात दिसली तर पार्किंगमध्ये पाणी तुंबतं असं समजा. बीमच्या टोकाला खांबाजवळ तिरपी भेग असेल तर गंज विसरा, स्ट्रक्चरल इंजिनिअर आधी, बोलणी नंतर. चिऱ्यांची भिंत आणि बीम यांच्या जोडावरची आडवी रेघ बहुतेक वेळा निरुपद्रवी, दोन वेगळ्या वस्तू वेगळ्या फुगतात-आकसतात म्हणून येते. जाळ्यासारख्या बारीक रेघा नुसत्या प्लास्टरच्या.

हातोडीच्या दांड्यानं ठोका. टणक आवाज ठीक, बद्द आवाज म्हणजे आत सुटलंय. ठोकायच्या जागा : बाल्कनी आणि छज्जांची खालची बाजू, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखालचा स्लॅब, पार्किंगचे खांब, गच्चीवरच्या टाकीखालचे बीम. तुमच्या फ्लॅटचं छत सुंदर रंगवलेलं असेल. म्हणून चौथ्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांचं बघा.

सोसायटी तयार असेल तर तीन चाचण्या करून घ्या. कव्हर मीटरनं सळई किती खोल ते कळतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन मारलं की जिथं गुलाबी होतं तिथं अल्कली शाबूत, जिथं रंगच येत नाही तिथं कार्बोनेशन झालेलं. हाफ-सेल पोटेन्शियलनं गंज चालू असण्याची शक्यता समजते. रिबाउंड हॅमरचा आकडा एकटा घेऊन कुणी 'स्ट्राँग आहे' म्हणालं तर ऐकून सोडून द्या. त्यानं पृष्ठभागाचा टणकपणा कळतो, गंज नाही.

नीट दुरुस्ती कशी असते तेही सांगतो, म्हणजे सोसायटीनं पूर्वी केली असेल तिची बिलं वाचता येतील. आधी टेकू. मग सळईच्या पाठीमागेही बोट जाईल इतकं काँक्रीट फोडायचं. सळई तारेच्या ब्रशनं किंवा ब्लास्टिंगनं चकचकीत करायची. पाचव्या हिश्श्याहून जास्त झिजली असेल तर जोडीला नवी सळई. त्यावर झिंकयुक्त गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याला चिकटवणारा बाँड कोट, मग पॉलिमर मॉर्टर पातळ थरांत, आणि आठवडाभर ओलावा. काम नोव्हेंबर ते एप्रिल. बिलात 'सिमेंट, रेती, मजुरी' एवढंच असेल तर ती दुरुस्ती नव्हे.

गच्चीवर पत्र्याचं छप्पर असलं तर बरंच, गळती थांबते. फक्त परवानगीचा कागद आहे का, आणि पत्र्याचे हुक-बोल्ट गंजलेत का बघा. जूनच्या पहिल्या वावटळीत कडेचा पत्रा उडतो तो त्या बोल्टांमुळेच.

चौमी_मोजणारा :

९८ चौ.मी. हा आकडा विसरा. टेप घेऊन जा. जिना, लॉबी, बाहेरच्या भिंती यांचा वाटा वजा जाता आत ७० ते ७५ चौ.मी. हाती लागतं. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. तुमची बाल्कनी बंद करून खोलीत घेतलीय, म्हणजे ती बहुधा दोनदा मोजलेली असणार : एकदा सुपर बिल्टअपमध्ये, एकदा 'मोठा हॉल' म्हणून. आसपासच्या विक्रीशी तुलना करताना सगळे दर कार्पेटवर आणा, नाहीतर आंबे आणि फणस एका तागडीत. क्षेत्रफळ चौरस फुटात सांगणारा एजंट भेटला तर १०.७६ नं भागा.

सी-व्ह्यूचे पैसे देऊ नका. फट ज्या प्लॉटमुळे आहे त्याचा सर्व्हे नंबर काढा आणि पीडीएकडून झोनिंग सर्टिफिकेट घ्या. सेटलमेंट (वस्तीचा झोन) किंवा कमर्शियल असेल तर फट आज ना उद्या बुजणार. शेत किंवा ऑर्चर्ड असलं तरी निर्धास्त राहू नका. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ कलमांखाली झोन बदलले गेलेत आणि त्यांना न्यायालयात आव्हानही दिलं गेलंय, म्हणजे दोन्ही बाजूंनी अनिश्चित. भातशेती असेल तर त्यातल्या त्यात बरं : २०२३ च्या कायद्यानं ती शेतकऱ्यालाच विकता येते.

आणि सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र. इमारत भरतीरेषेपासून किती अंतरावर आणि पट्टा सीआरझेड २ की ३, हे किनारपट्टी आराखड्याच्या नकाशावर बघा. सीआरझेड ३ मध्ये समुद्राच्या बाजूनं २०० मीटरच्या आत ना-विकास क्षेत्र. जुनी अधिकृत इमारत दुरुस्त करता येते, पाडून बांधताही येते, पण असलेल्या एफएसआय आणि जोत्याच्या मर्यादेतच. सीआरझेड २ मध्ये बांधकाम जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूलाच. लिफ्ट नसलेली चारमजली इमारत असल्यामुळे दहा वर्षांनी कुणीतरी रीडेव्हलपमेंटचं गाजर दाखवणारच. ते खरं की खोटं, याचं उत्तर या नकाशात आहे.

टोंक_नाका :

राहण्याबद्दल मी लिहितो, कारण फ्लॅट बघायला सगळे डिसेंबरात येतात आणि डिसेंबरात करंझाळे कुणालाही आवडतं.

चांगलं आधी. पणजी बाजार, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), दोनापावला, विद्यापीठ सगळं हाताशी, पणजी-दोनापावला बस दारावरून. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा ताजं नुस्तं (मासे) तिथंच मिळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मग खाडीचं आणि सुकं. पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ येतो. २१ ऑगस्टला ताळगावचं कणसांचं फेस्त असतं, त्या दिवशी गाडी आत घालू नका.

आता पाऊस. वर्षाला साधारण ३००० मि.मी., त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. म्हणजे तुमची ती बंद केलेली बाल्कनी थेट माऱ्यात. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेर पाणी जायची भोकं आहेत का बघा. नसतील किंवा रंगानं बुजली असतील तर पाणी हॉलमध्ये. पूर्वी चिऱ्यांच्या घरांना पावसाळ्याआधी पश्चिमेला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधत, ती अक्कल फ्लॅटवाल्यांनी सोडून दिली. बाहेरून छज्जा नसेल तर निदान उतरता पॉलिकार्बोनेट पत्रा, सोसायटीला विचारून.

लोखंडी ग्रिल घेतली की रंगकाम जन्माला पुरतं. स्टेनलेस घ्याल तर ३१६, ३०४ ला इथं तांबूस ठिपके येतात. एसीचं बाहेरचं युनिट पश्चिमेला लावू नका. लावलंच तर गोड्या पाण्यानं दर तीन महिन्यांनी कॉइल धुवा, नाहीतर आधी पंखे झडतात आणि मग गॅस सुटतो. कुलपांत तेल नको, ग्रॅफाइट.

बंद फ्लॅट हा या पट्ट्याचा खरा आजार. इमारतीतले किती फ्लॅट बाराही महिने उघडे असतात ते वॉचमनला विचारा. निम्मे बंद असतील तर सभेला कोरम होत नाही, दुरुस्तीची वर्गणी थकते, वरच्या बंद फ्लॅटचा नळ गळला तर किल्ली मुंबईत. सोसायटीकडून थकबाकीची यादी आणि शेवटच्या तीन वर्षांचे हिशेब मागा. सळईवाल्यांनी सांगितलेली दुरुस्ती शेवटी त्याच पैशांतून व्हायची आहे.

पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं. खांडेपारला किंवा मोठ्या जलवाहिनीत बिघाड झाला की अख्खा तिसवाडी तालुका कोरडा. जमिनीखालची टाकी किती लिटरची आणि ती पार्किंगच्या पातळीहून उंच तोंडाची आहे का, दोन्ही विचारा. तोंड खाली असेल तर तुंबलेलं पाणी थेट टाकीत.

भाड्याचं थोडक्यात. ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, पोलीस ठाण्यात भाडेकरूची पडताळणी. पर्यटकांना दिवसावर द्यायचा असेल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी, शिवाय सोसायटीची संमती. या दोन वर्षांसाठी विद्यापीठ किंवा गोमेकॉतला भाडेकरू शोधा. पैसे कमी, पण फ्लॅट उघडा राहतो, आणि इथं उघडा फ्लॅटच टिकतो.

डिचोलीकर :

सगळ्यांचे आभार. एजंटला सक्सेशन डीडचं विचारलं तर म्हणाला 'होऊन जाईल, आधी टोकन द्या'. आणि मुलगी येणार नाही, मुखत्यारपत्र पाठवील. भावालाच मुखत्यार करणार. ते चालतं का? तिच्या पैशांचं काय?

तिसवाडी_उतारा :

चालतं, पण पूर्ण हवं. मुलीचं आणि जावयाचं, दोघांचं. तिथल्या भारतीय दूतावासात किंवा नोटरीसमोर करून अपोस्टील (दुसऱ्या देशात चालावं म्हणून सरकारी प्रमाणीकरण). पोर्तुगाल आणि भारत दोघेही अपोस्टीलच्या करारात आहेत. मजकुरात हाच फ्लॅट, विक्रीचा अधिकार, किंमत स्वीकारण्याचा अधिकार आणि सक्सेशन डीडवर सहीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. 'सर्व व्यवहार पाहणे' असल्या गोल मजकुरावर उपनिबंधक अडवतो. परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. लिफाफा जपून ठेवा, तारीख त्यावरूनच दाखवतात. आणि सहीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिला एकदा बघून घ्या, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात असावी लागते.

पैसे : किंमत ५० लाखांवर असेल तर निवासी विक्रेत्यांच्या वाट्यावर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. मुलगी अनिवासी, तिच्या वाट्याला हा १ टक्का लागू नाही. अनिवासी विक्रेत्याचा दर बराच जास्त, आणि तिनं आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर तो कापायची जबाबदारी तुमची. न कापल्यास वसुली तुमच्याकडून होते, तिच्याकडून नाही. सीएला आधीच बसवा. तिचा वाटा तिच्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यातच जाऊ दे, भावाच्या खात्यात एकरकमी नको.

टोकनचं म्हणाल तर सक्सेशन डीड नोंदल्याशिवाय रुपयाही नको. फारच घाई करत असतील तर छोटी रक्कम चेकनं, सोबत लेखी पत्र : अमुक दिवसांत सक्सेशन डीड आणि पाचही सह्यांची तयारी झाली नाही तर रक्कम परत. पत्रावर आईचीही सही. एजंटची नाही चालणार.

सळई_आणि_चुना :

आणि ते पत्र होईपर्यंत जुलैतल्या पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास, भर पावसात, मोठ्या भरतीच्या वेळी एकदा पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा. भरती असताना गटारांचं पाणी बाहेर पडत नाही, उलटं फुगतं. खांबावर ओल किती उंचीपर्यंत चढते तिथं खडूनं रेघ मारा आणि चार दिवसांनी उघडीप झाली की पुन्हा बघा. ओल तशीच असेल तर त्या ताज्या प्लास्टरचा तुकडा काढू देण्याची अट पत्रात घाला. विकणारा नको म्हणाला तर तो खांब किती खराब आहे ते न फोडताच कळलं.